गाडीवर रंग कुणाचा, नाव कुणाचं?

यूट्यूबवर जा आणि कोल्डप्लेचं ‘हिम फॉर द वीकेंड’ पुन्हा एकदा लावा. फक्त या वेळी ख्रिस मार्टिनकडे किंवा बियॉन्सेकडे बघू नका, त्यांच्या मागे काय दिसतंय ते बघा. काळीपिवळी टॅक्सी, तिच्या आतलं रंगीबेरंगी डिझाइन, अरुंद गल्ल्या, रंग उधळणारी पोरं. जानेवारी २०१६मध्ये आलेल्या या गाण्याचं काही शूटिंग वसईच्या किल्ल्यात झालं आणि काही आपल्या वरळी कोळीवाड्यात. टॅक्सीच्या आतलं ते डिझाइन होतं कराचीच्या साम्या आरिफ या चित्रकर्तीचं. म्हणजे बँड ब्रिटिश, चित्र पाकिस्तानी मुलीचं, टॅक्सी मुंबईची आणि गल्ली कोळ्यांची. एका गाण्यात एवढं सगळं मावलं.

आता आठवून बघा, यातल्या कुणाकुणाची नावं आपल्याला माहीत आहेत? बँडचं नाव सगळ्यांना पाठ. चित्रकर्तीचं नाव शोधलं तर सापडतं. टॅक्सीवाल्याचं? ज्या गल्लीत शूटिंग झालं त्या गल्लीचं? तिथल्या माणसांचं?

हा प्रश्न आत्ता काढायचं कारण म्हणजे ‘आर्ट कार’ हा प्रकार सध्या पुन्हा जोरात आहे. कलावंताने रंगवलेली गाडी ही एक कलाकृती मानायची, या कल्पनेवर बीएमडब्ल्यूने सुरू केलेल्या मालिकेला २०२५मध्ये ५० वर्षं पूर्ण झाली आणि त्यानिमित्त या गाड्या जगभर फिरवण्यात आल्या. आपल्याकडेही ही कंपनी ‘इंडिया आर्ट फेअर’बरोबर तरुण भारतीय कलावंतांची डिझाइन्स निवडून गाडीवर चढवते. कॉलेज फेस्टमध्ये रिक्षा नाहीतर जुनी मारुती रंगवून गेटवर उभी करणं तर आता नेहमीचंच झालंय. फोटो छान येतात, रील चालतं. पण रंगवलेल्या गाडीत चाकं एकाची असतात, ब्रश दुसऱ्याचा असतो आणि नाव बरेचदा तिसऱ्याचंच होतं. हा हिशेब समजून घ्यायला वरळी कोळीवाड्यासारखी दुसरी जागा नाही.

शर्यतीतून म्युझियममध्ये

सुरुवात झाली फ्रान्समध्ये. एर्व्हे पुलाँ हा लिलावाचा धंदा करणारा माणूस, पण डोक्यात शर्यतीचं वेड. १९७५मध्ये त्याने अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर याला बीएमडब्ल्यूची रेसिंग कार रंगवायला दिली आणि तीच गाडी ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली. गाडी शर्यत पूर्ण करू शकली नाही, पण लोकांच्या लक्षात राहिली. त्यानंतर फ्रँक स्टेला, रॉय लिक्टेनस्टाइन अशी मोठमोठी नावं आली. १९७९मध्ये अँडी वॉरहोलने मदतनीस न घेता स्वतः ब्रश हातात धरला आणि अर्ध्या तासाच्या आत अख्खी गाडी रंगवून मोकळा झाला. ती गाडी ल मान्सला सहावी आली. मालिकेतली विसावी गाडी ज्युली मेहरेटूची, तीही २०२४मध्ये ल मान्सला धावली.

त्याआधीही गाड्या रंगवल्या जात होत्याच. जॉन लेननने १९६७मध्ये आपली रोल्स रॉइस पिवळ्याधमक रंगावर फुलापानांच्या वेलबुट्टीने सजवून घेतली. जॅनिस जॉप्लिनची पोर्शे तिच्याच बँडबरोबर काम करणाऱ्या एकाने रंगवली. पण त्या होत्या मालकाच्या हौसेच्या गाड्या. काल्डरपासून एक गोष्ट बदलली, कंपनीच्या लक्षात आलं की गाडीवर कलावंताचं नाव चढलं की गाडीकडे बघायची लोकांची नजर बदलते. वाहनाची किंमत वर्षागणिक उतरते, कलाकृतीची चढते. हे सगळं गणित त्या एका सहीवर उभं आहे.

या मालिकेतलं आपल्याला सगळ्यात जवळचं वाटेल असं नाव म्हणजे एस्थर म्हलांगू. दक्षिण आफ्रिकेतल्या न्देबेले समाजातल्या बाया घराच्या भिंतींवर ठसठशीत भौमितिक नक्षी काढतात. आईआजीकडून शिकलेली तीच नक्षी म्हलांगू यांनी १९९१मध्ये गाडीवर काढली. या मालिकेतल्या त्या पहिल्या महिला कलावंत. लक्षात घ्या, ती गाडी ‘न्देबेले प्रिंट’ म्हणून ओळखली जात नाही, ‘एस्थर म्हलांगूंची गाडी’ म्हणूनच ओळखली जाते. कला समाजाची असली तरी हात एका बाईचा होता आणि ते नाव पुसलं गेलं नाही.

आता आपल्याकडची वारली चित्रकला बघा. (वरळी आणि वारली यात गल्लत करू नका, वरळी कोळ्यांची आणि वारली पालघर-डहाणूकडच्या आदिवासींची.) लग्नाच्या वेळी बायका भिंतीवर चौक लिहायच्या, तिथून ती कला कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ती जगभर पोहोचली, त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. आज वारलीतली तारपा नाचणारी माणसं कुर्त्यावर, मगवर, गाडीच्या दारावर, कुठेही दिसतात. त्यातली किती चित्रं वारली माणसाने काढलेली असतात आणि किती ठिकाणी त्याचं नाव असतं?

टॅक्सीच्या छतावरची गॅलरी

मुंबईने या प्रश्नाचं एक छान उत्तर शोधलं होतं. २०१५मध्ये संकेत अवलानी आणि त्याच्या टीमने ‘टॅक्सी फॅब्रिक’ सुरू केलं. कल्पना साधी होती. मुंबईचे टॅक्सीवाले सीटना आणि छताला कापड लावतातच, पण त्या कापडाकडे कोण बघतं? दुसरीकडे डिझाइन शिकलेल्या पोरांना काम दाखवायला जागा मिळत नाही. मग दोघांची गाठ घालून द्या. क्राउडफंडिंगमधून पैसे उभे राहिले आणि प्रीमिअर पद्मिनीच्या पोटात चालतीफिरती गॅलरी सुरू झाली. तिकीट नाही, पांढऱ्या भिंती नाहीत, कुणी ‘हात लावू नका’ म्हणणारं नाही. मीटरचे पैसे द्यायचे आणि दादर ते लालबाग चित्रात बसून जायचं.

हे आतच का झालं, बाहेर का नाही? कारण काळ्यापिवळीचा बाहेरचा रंग परमिटबरोबर ठरलेला असतो. टॅक्सीवाला हौशी असो नाहीतर नसो, अंग काळं आणि टप पिवळा राहणार. मोकळी जागा उरते ती छताच्या आतली बाजू आणि सीट. कलावंतांनी नेमकी तीच फट शोधली.

पण ज्या गाडीवर हे सगळं बेतलं होतं ती गाडीच गेली. एकेकाळी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं होतं. मुंबईत टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली २९ ऑक्टोबर २००३ला. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर कायद्यानेच उरली नाही. त्या दिवशी सोशल मीडियावर सगळ्यांनी हळवे फोटो टाकले. काळ्यापिवळ्या अजून धावतात, पण त्या दुसऱ्या कंपन्यांच्या आहेत.

यातून एक कडवट गोष्ट कळते. लेननची रोल्स रॉइस म्युझियममध्ये जाते, काल्डरची बीएमडब्ल्यू कंपनी जिवापाड जपते, पण टॅक्सीवाल्याची चित्रांची गाडी भंगारात जाऊ शकते. चित्र किती चांगलं आहे यावर ते अवलंबून नाही. गाडी धावली तर पोट भरतं की गाडी उभी राहिली तरी चालतं, यावर ते अवलंबून आहे.

रंग बदलायचा? आधी आरटीओ

गाडी आपली, मग रंग पण आपल्या मर्जीचा, असं वाटत असेल तर थोडं थांबा. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओला कळवून नोंद बदलून घ्यावी लागते. लष्कराची नसलेली गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवायला केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंदी आहे. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायलाही कायद्याने मनाई आहे. २०१५मध्ये महाराष्ट्रात तर ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ही काढायला लावलं. कारण काय, तर त्यामुळे उगाच हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. आवाजाचा त्रास खरा आहे, त्यात वाद नाही. पण ती अक्षरं रंगवणाऱ्या पेंटरला आपण कधी कलावंत म्हटलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं काम गेल्याचं कुणाला काही वाटलंही नाही.

हीच गोष्ट सिनेमाच्या बॅनरची. एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत उमेदीच्या काळात सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली, हे आपण कौतुकाने सांगतो. पण हुसेनच्या शेजारी उभं राहून तेच काम आयुष्यभर करणारे किती पेंटर होते? फ्लेक्स आला आणि त्यांचे ब्रश खाली पडले. आजच्या बहुतेक ‘आर्ट कार’वरही रंग नसतोच. चित्र कॉम्प्युटरवर तयार होतं, विनाइलवर छापलं जातं आणि गाडीवर चिकटवलं जातं. चार महिन्यांनी सोलून काढलं की गाडी पुन्हा कोरी. सोय आहे, गाडीच्या मूळ रंगाला धक्का लागत नाही. पण यात पेंटरची जागा प्रिंटरने घेतली, हेही खरं.

कोळीवाड्याची आर्ट कार पाण्यात असते

वरळी कोळीवाड्यात गाडी घेऊन गेलात तर फार आत जाता येत नाही. गल्ल्या माणसांच्या मापाच्या आहेत. किल्ल्यापर्यंत किंवा गोल्फादेवीच्या देवळापर्यंत पायीच जायचं. इथलं खरं वाहन म्हणजे होडी. आणि होडी रंगवायची रीत ल मान्सपेक्षा कितीतरी जुनी आहे.

दर पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात. डागडुजी होते, जुना रंग खरवडला जातो, नवा चढतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की नव्या रंगाच्या बोटी पताका लावून पाण्यात उतरतात. त्यावर नाव असतं, बरेचदा देवीचं, आईचं नाहीतर लेकीचं. खाली ‘आयएनडी एमएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. रंग नुसता शोभेचा नसतो, खारं पाणी आणि लाकूड पोखरणारे किडे यांच्यापासून तो बोटीला वाचवतो. त्यातही सरकार आहेच. २६/११च्या हल्ल्यानंतर किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी राज्याराज्यांच्या बोटींना वेगवेगळे रंग ठरवून देण्याचं धोरण आलं. म्हणजे टॅक्सीला परमिट, तशी बोटीला सुरक्षा. तरी कोळ्याने आपलं नाव आणि आपली नक्षी त्यात बसवलीच.

इथे चाकं, ब्रश आणि नाव हे तिन्ही एकाच घरात आहेत. बोट त्यांची, रंग त्यांचा, नावही त्यांच्याच लेकीचं. आर्ट कारच्या ५० वर्षांच्या इतिहासात हे क्वचितच जुळलं असेल.

पण या बोटीला जायला वाट पाहिजे ना? वरळीच्या समुद्रावर आधी २००९मध्ये सी लिंक आला, मग कोस्टल रोड. कोस्टल रोड सी लिंकला जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. क्लिव्हलँड बंदरातून निघणाऱ्या बोटींना लाटा आणि वारा असताना एवढ्याशा फटीतून जाणं धोक्याचं आहे, असं इथल्या मच्छीमारांचं म्हणणं होतं. त्यांनी २०० मीटरची मागणी केली. बोटी समुद्रात नेऊन काम अडवलं, बैठका झाल्या, अभ्यास झाले. शेवटी पालिकेने १२० मीटर मान्य केले. मार्च २०२४मध्ये कोस्टल रोडचा पहिला टप्पा सुरू झाला आणि चकचकीत गाड्यांचे रील कोळीवाड्याच्या डोळ्यांसमोर बनायला लागले.

त्याच वर्षी जुलैमध्ये वरळीत पहाटे एका आलिशान गाडीच्या धडकेत कोळीवाड्यातल्या एका महिलेचा जीव गेला. प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर इथे निकाल द्यायचा नाही. पण गाडी ही फक्त सुंदर वस्तू आहे, हे वाक्य कोळीवाड्यात कुणाला ऐकवून बघा. गाडी म्हणजे वेग, गाडी म्हणजे जागा, गाडी म्हणजे कुणाला वाट मिळणार आणि कुणाला बाजूला व्हावं लागणार याचा निर्णय. मुंबईचा चित्रकार जितीश कल्लाट याने २००७मध्ये राळेच्या हाडांचा सांगाडा करून रिक्षा घडवली, नाव ठेवलं ‘ऑटोसॉरस ट्रायपस’. चकाकणारी गाडी नाही, मेलेल्या अजस्र जनावरासारखी गाडी. आर्ट कार अशीही असू शकते, हे त्याने दाखवलं.

बॅकग्राउंड व्हायचं की मालक?

कोल्डप्लेचं गाणं आलं तेव्हा दोन गट पडले होते. एक म्हणत होता, काय मस्त दाखवलाय भारत. दुसरा म्हणत होता, साधू, होळी आणि गरिबी यापलीकडे यांना काही दिसत नाही का? दोन्ही गट व्हिडिओत काय दिसतं यावरच भांडत राहिले. कोळीवाड्याला त्यातून काय मिळालं, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

हा प्रश्न पुढेही येत राहिला. घाटकोपरच्या असल्फाची वस्ती २०१७च्या शेवटी ‘चल रंग दे’ उपक्रमात रंगली आणि मेट्रोतून फोटो काढण्यासाठी झुंबड उडाली. त्याच वर्षी ससून डॉकवर ‘स्टार्ट इंडिया’ने मोठं कलाप्रदर्शन भरवलं, तिथल्या कष्टकरी माणसांचे भलेमोठे फोटो भिंतींवर लागले. याने काहीच बदलत नाही असं नाही. एरवी नाक मुरडणारी माणसं त्या निमित्ताने डॉकवर गेली, वस्तीतल्या पोरांना आपल्या घराचा अभिमान वाटला. हेही खरंच आहे. पण रंगाने गटार दुरुस्त होत नाही आणि छप्पर गळायचं थांबत नाही. रंगामुळे आलेली गर्दी वस्तीतल्या माणसाकडून चहा-वडापाव घेते की नुसती रील काढून निघून जाते, यावर सगळं ठरतं.

कायदा काय म्हणतो? १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. शिवाय कलम ५७ प्रमाणे कलावंताचा नैतिक हक्क असतो, म्हणजे काम विकलं तरी त्यावरचं नाव त्याचंच आणि त्या कामाची नासधूस करून त्याच्या लौकिकाला धक्का लावता येत नाही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं, त्यावर ते लढले आणि २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरपाईही द्यायला लावली.

पण हे सगळं एका माणसाच्या नावावर असलेल्या कामासाठी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नक्षीला असा एक मालक नसतो, म्हणून कॉपीराइट तिथे अपुरा पडतो. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, थोडी मदत करतं. वारलीला ते आहे, कोल्हापुरीलाही आहे. तरी जून २०२५मध्ये ‘प्राडा’ने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला उतरवल्या तेव्हा कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. महाराष्ट्रातून आरडाओरडा झाला, पत्र गेलं, मग कंपनीने मान्य केलं की प्रेरणा इथलीच. नाव मिळालं ते कायद्यापेक्षा लोक बोलले म्हणून मिळालं. ही गोष्ट आपल्या पिढीने लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण बोलणाऱ्यांत बरीचशी तरुण मंडळीच होती.

फेस्टच्या मीटिंगमध्ये विचारायचे प्रश्न

तुमच्यातले काही जण जे.जे.त असतील, काही रुपारेल, रुईया, कीर्तीत. पुढच्या फेस्टला कुणीतरी म्हणेलच, ‘यार, एक टॅक्सी रंगवू या, कोळी थीम घेऊ.’ घ्या ना, जरूर घ्या. आर्ट कार वाईट नाही. वॉरहोलच्या अर्ध्या तासात जी मजा आहे ती मजाच आहे. फक्त मीटिंगमध्ये कुणीतरी हे विचारायला हवं.

नक्षी कुणाची आहे आणि त्या समाजातलं कुणी आपल्या टीममध्ये आहे का? असेल तर त्याला ‘माहिती दे’ म्हणून बसवून ठेवणार की ब्रश त्याच्या हातात देणार? गाडी ज्याची आहे त्याचा त्या दिवसाचा धंदा बुडणार, तो कोण भरून देणार? स्पॉन्सरच्या लोगोएवढंच मोठं चित्रकाराचं आणि गाडीवाल्याचं नाव असेल का? आणि फेस्ट संपल्यावर गाडीचं काय होणार, चित्र राहणार की सोलून कचऱ्यात जाणार, हे त्यालाही आधी सांगितलंय का?

यातला एकही प्रश्न अवघड नाही. पैसेही फार लागत नाहीत. टॅक्सी फॅब्रिकने डिझाइन करणाऱ्यांची नावं पुढे आणली, म्हणूनच कराचीतल्या एका मुलीचं नाव आज आपल्याला सांगता येतं. तेवढी तसदी टॅक्सीवाल्याच्या आणि गल्लीच्या वाट्याला आली असती तर त्यांचीही नावं सांगता आली असती.

येत्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, वरळी कोळीवाड्यात जाऊन या. कॅमेरा न्या, हरकत नाही. बोट रंगवणारं कुणी भेटलं तर आधी विचारा, ‘काका, बोटीचं नाव काय ठेवलंय?’ मग नाव ठेवण्यामागची गोष्ट ऐका. फोटो त्यानंतर काढा आणि टाकताना खाली ते नाव लिहा.